चौकट : एक फीत, चार अव्वल गाणी

चित्रपट : ‘सॅटर्डे नाइट फीव्हर’ (१९७७), नायक जॉन ट्रॅव्होल्टा
अल्बम : दोन तबकड्यांचा संच; मुख्य कलाकार बी जीज, म्हणजे बॅरी, रॉबिन आणि मॉरिस हे गिब बंधू

• पॅरिसजवळच्या एका जुन्या वाड्यातल्या स्टुडिओत यातली बरीच गाणी आकाराला आली.
• ‘स्टेइंग अलाइव्ह’च्या वेळी ड्रमवादक कौटुंबिक कारणामुळे घरी गेला होता. मग ‘नाइट फीव्हर’मधला त्याचाच ठेका फितीवर उचलला, फितीची टोकं जोडली आणि तीच पुन्हा पुन्हा फिरवली. श्रेयनामावलीत मात्र ‘बर्नार्ड लूप’ नावाचा काल्पनिक वादक झळकला!
• बी जीजनी लिहिलेली चार गाणी अमेरिकेत अव्वल ठरली. त्यांपैकी ‘इफ आय कान्ट हॅव यू’ हे इव्हॉन एलिमन यांनी गायलं.
• १९७८ मध्ये अमेरिकी अल्बम-यादीत सलग २४ आठवडे पहिलं स्थान. १९७९ मध्ये ‘अल्बम ऑफ द इयर’चा ग्रॅमी.
• ‘स्टेइंग अलाइव्ह’ची लय मिनिटाला साधारण १०३ ठोक्यांची. हृदय बंद पडलेल्या रुग्णाची छाती मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबायची असते. म्हणून प्रथमोपचाराच्या वर्गातही हेच गाणं वाजतं.