खो-खोची लीग आणि आपल्या लेकी

भाऊबीजेला आम्ही नांदेडला वन्संकडे गेलो होतो. त्यांची धाकटी शाळेच्या खो-खो संघात आहे. पानं मांडता मांडता वन्सं म्हणाल्या, "वहिनी, पुढच्या साली दहावी. समदे म्हणायलेत, खेळ बंद करा अन् लातूरला क्लास लावा. कसं करावं?" भाची मान खाली घालून वाट्या पुसत होती.

मी लातूरचीच. आमच्या गल्लीतून संध्याकाळी दप्तरं घेतलेल्या मुलींचे थवे क्लासला जातात, मैदानाकडे एकही वळत नाही. त्यामुळे पटकन काय सांगावं, ते सुचेना.

मैत्रिणींनो, याच खो-खोची २०२२ साली व्यावसायिक लीग निघाली. 'अल्टिमेट खो-खो' तिचं नाव. डाबर घराण्याचे अमित बर्मन यांनी खो-खो महासंघाच्या साथीने ती काढली आणि पहिला हंगाम पुण्याला बालेवाडीत झाला. सहा संघ, मालक अदानी, जीएमआर असे बडे उद्योगसमूह, तर ओडिशाचा संघ तिथल्या सरकारी कंपनीचा. गंमत बघा, दोन खांब आणि चुन्याची फक्की एवढ्यावर भागणारा आपला खेळ! त्याला मॅट आली, दोन्ही दिशांना पळू शकणारा 'वजीर' आला. मालकांनी पैसा घालायचा, टीव्हीवर जाहिराती यायच्या, आणि त्यातून खेळाडूंना मानधन. पहिल्या वर्षी वरच्या श्रेणीला पाच लाख, अगदी खालच्या श्रेणीलाही एक लाख. मातीत गुडघे फोडून घेणाऱ्या गरिबाघरच्या पोरांना खेळाचे पैसे मिळाले, ही काही लहान गोष्ट नाही.

पण पोरांनाच हो! २०२२ चा आणि २०२३-२४ चा, दोन्ही हंगाम पुरुषांचे. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला पहिला विश्वचषक झाला, तेव्हा आपल्या प्रियंका इंगळेच्या संघाने अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असं हरवलं. मग मुलींचे सामने कोण बघणार, हे कारण मला तरी पटत नाही. क्रिकेटवाल्यांनी २०२३ मध्ये मुलींची लीग काढलीच ना?

वन्संना मी सांगितलं ते मात्र सारिका काळेंबद्दल. आपल्या शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातल्या. कित्येक वर्षं दिवसातून एकदाच जेवायला मिळायचं, असं त्यांनीच सांगितलं आहे. २०१६ मध्ये भारताच्या कर्णधार, २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार, आणि तुळजापूरला क्रीडा अधिकारी. लीग नव्हती तेव्हाची ही गोष्ट. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत गुणवंत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, हेही वन्संना ठाऊक नव्हतं. अर्थात ते मिळवायला वरच्या स्पर्धांत चमकावं लागतं. नुसतं शाळेच्या संघात असून भागत नाही, हेही मी लपवलं नाही.

शेवटी भाऊजींनी तोड काढली. क्लास नांदेडमध्येच, संध्याकाळी, सकाळी मैदान. सहामाहीला गुण घसरले तर पुन्हा बोलू.

निघताना भाची हळूच जवळ आली. "मामी, मॅटवरचे बूट केवढ्याला येतात?"