न दिसणारा कोन : मोटरसायकलचा झुकाव आणि अनुमानाचे शास्त्र

वळणावर मोटरसायकल आतल्या बाजूस कलते, हे आपण रोज पाहतो. परंतु ती नेमकी किती अंशांनी कलली आहे, हे धावत्या गाडीवर मोजणे सोपे नाही. हा केवळ कुतूहलाचा प्रश्न नव्हे. टायरची रस्त्यावरील पकड मर्यादित असते. वळणावर तिचा मोठा हिस्सा गाडी वळवण्यातच खर्ची पडतो आणि उरलेल्यावर ब्रेकची भिस्त असते. म्हणून सरळ रस्त्यावर निर्धोक ठरणारा ब्रेक वळणावर गाडी घसरवू शकतो. ब्रेक नियंत्रित करणाऱ्या यंत्रणेला झुकाव ठाऊक असणे, ही जीव वाचवण्याची बाब आहे.

समजा, ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी ५० मीटर त्रिज्येचे वळण घेत आहे. साध्या गणिताने तिला सुमारे ३० अंश कलावे लागते. मग ओळंबा लावून हा कोन का मोजू नये? कारण स्थिर वळणात गुरुत्वाकर्षण आणि बाहेरच्या बाजूस जाणवणारा रेटा यांची बेरीज जवळजवळ गाडीच्याच रेषेत येते. ओळंबाही गाडीबरोबर कलतो आणि ती सरळ उभी असल्याची साक्ष देतो. त्वरणमापकाची फसगत अशीच होते. जायरोस्कोप कोन सांगत नाही, कोन बदलण्याचा वेग सांगतो. त्या वेगाची बेरीज करत कोन काढता येतो. पण सेकंदाला ०.१ अंशाची चूक मिनिटभरात ६ अंशांवर जाते.

इतिहासाच्या अभ्यासकाला ही अडचण परिचित आहे. घटना डोळ्यांसमोर नसते आणि कोणतेही एक साधन पूर्ण विश्वासार्ह नसते. म्हणून साधने परस्परांशी ताडून पाहावी लागतात. अशा अनुमानाला रुडॉल्फ काल्मन यांनी १९६० मध्ये आणि डेव्हिड लुएनबर्गर यांनी १९६४ मध्ये गणिती शिस्त दिली. लुएनबर्गर यांच्या रचनेस ‘निरीक्षक’ म्हणतात. निरीक्षक म्हणजे संगणकात खऱ्या गाडीच्या जोडीने धावणारी तिची गणिती प्रतिकृती. संवेदक कोणते आकडे देतील, याचे भाकीत ती करते. भाकीत आणि प्रत्यक्ष आकडा यांत जो फरक पडतो, त्याच्या प्रमाणात ती स्वतःचा अंदाज सुधारते, आणि हे सेकंदाला अनेकदा घडते.

गाडीचे गणित मात्र सरळ रेषेत चालत नाही. फ्रान्सिस व्हिपल यांनी १८९९ मध्ये सायकलची आणि रॉबिन शार्प यांनी १९७१ मध्ये मोटरसायकलची जी स्थिरता अभ्यासली, ती सरळ चालीभोवतीच्या लहान हालचालींची होती. झुकाव वाढला की टायरचा जोर त्याच प्रमाणात वाढत नाही. वेग बदलला की गाडीचा स्वभावही बदलतो. म्हणून अरेषीय निरीक्षक लागतो. ताकागी आणि सुगेनो यांच्या १९८५ च्या पद्धतीत अशी गुंतागुंत अनेक साध्या प्रतिकृतींत विभागली जाते आणि त्या क्षणीच्या परिस्थितीनुसार प्रत्येकीला कमीअधिक वजन दिले जाते. अंदाजातील चूक कालांतराने ओसरेल, हे सिद्ध करण्यासाठी रशियन गणिती ल्यापुनोव यांचा १८९२ चा स्थिरतासिद्धांत आजही उपयोगी पडतो.

हँडलची गोष्ट याहून सूक्ष्म आहे. वेगात डावीकडे वळताना चालक नकळत डावी मूठ पुढे ढकलतो. चाक क्षणभर उजवीकडे जाते आणि गाडी डावीकडे कलते. चालकाचा हा जोर मोजणारी साधने नेहमीच्या गाड्यांवर नसतात. तेव्हा निरीक्षक त्याला ‘अज्ञात आदान’ मानतो आणि कारणाचा शोध परिणामांवरून घेतो.

वळणावरील झुकाव जाणून ब्रेक आवरणाऱ्या प्रणाली २०१३ पासून काही मोटरसायकलींवर आल्या आहेत. तथापि पुढच्या वळणावर सांडलेली वाळू कोणत्याही प्रतिकृतीला आधी दिसत नाही. यंत्रणा उरलेली पकड जपून वापरते. नवी पकड निर्माण करू शकत नाही. विद्यार्थिमित्रांनी वळणापूर्वीच वेग कमी करावा, तो याचसाठी.