९७ वॉट-तासांचा हिशेब

वर्कस्टेशन म्हणजे इमारतींचे आराखडे, यंत्रभागांची त्रिमितीय रेखाटने, चित्रपटांचे संकलन किंवा मोठी शास्त्रीय गणिते पेलणारा संगणक. पूर्वी तो टेबलाखालच्या खोक्यात असे. आता तो पावणेदोन किलोच्या पातळ लॅपटॉपमध्ये मावतो. असा लॅपटॉप एका चार्जिंगवर किती वेळ चालतो, याचे एकच उत्तर देता येत नाही. तीच बॅटरी एखाद्या दिवशी आठ-नऊ तास पुरते, तर एखाद्या दिवशी तासाभरात संपते.

भारतात लॅपटॉपची जोडणी होणाऱ्या प्रमुख ठिकाणांपैकी एक म्हणजे चेन्नई-बंगळुरू महामार्गावरचे श्रीपेरुंबुदूर. डेलचा कारखाना तिथे २००७ पासून आहे. फ्लेक्स कंपनीच्या तिथल्या कारखान्यात एचपीचे लॅपटॉपही तयार होतात. भारतात जोडल्या जाणाऱ्या लॅपटॉपच्या बॅटरीतले सेल मात्र अजून बहुतांशी परदेशातून येतात.

डेलच्या प्रिसिजन ५५२० या २०१७ च्या मॉडेलवरून बॅटरी पुरण्याचा हिशेब चांगला समजतो. त्याची मोठी बॅटरी सहा चपट्या सेलची. प्रत्येक सेल ३.८ व्होल्टचा; तीन सेल एकापुढे एक जोडले की ११.४ व्होल्ट होतात. अशा दोन रांगा मिळून साधारण साडेआठ अँपिअर-तास साठवतात. दोन्हींचा गुणाकार ९७ वॉट-तास. ग्राहकाने तीन सेलची ५६ वॉट-तासांची बॅटरी निवडली, तर मोकळ्या राहिलेल्या जागेत अडीच इंची हार्ड डिस्क बसते. मोठी बॅटरी हवी असेल, तर त्या डिस्कवर पाणी सोडावे लागते. पातळपणाची किंमत अशी घनसेंटिमीटरमध्ये मोजावी लागते.

पण जागा असती तरी बॅटरी फार मोठी झाली नसती. विमान प्रवासात १०० वॉट-तासांपर्यंतची बॅटरी वेगळ्या परवानगीशिवाय सोबत नेता येते. १०० ते १६० च्या दरम्यान विमान कंपनीची संमती लागते. साइटवरून साइटवर फिरणाऱ्या अभियंत्याला ती कटकट परवडत नाही. म्हणून कंपन्या ९५ ते ९९ च्या आसपास थांबतात. नव्या रसायनांकडूनही इथे लगेच मोठी आशा नाही. पुण्याच्या केपीआयटी कंपनीने डिसेंबर २०२३ मध्ये सोडियम-आयन बॅटरीचे तंत्रज्ञान जाहीर केले. त्यात पुण्याच्याच आयसर संस्थेचा सहभाग होता. काम मोलाचे आहे. पण तेवढीच ऊर्जा साठवायला सोडियमची बॅटरी लिथियमपेक्षा जड आणि मोठी होते. ती वाहनांना किंवा वीजसाठवणीला सोयीची, पातळ लॅपटॉपला नव्हे.

तेव्हा साठा ठरलेला. प्रश्न उरतो खर्चाचा. मजकूर लिहिताना असा लॅपटॉप १० वॉटच्या आसपास वीज घेतो, म्हणजे ९७ वॉट-तास नऊ तासांहून अधिक पुरतात. त्रिमितीय चित्र तयार करायला लावले, की प्रोसेसर ४५ वॉट आणि ग्राफिक्स कार्ड जवळजवळ तेवढीच वीज ओढते. पडदा आणि पंखे धरून आकडा शंभराच्या घरात जातो नि तासही पुरत नाही. चिपचा वीजखर्च व्होल्टेजच्या वर्गाच्या आणि वेगाच्या प्रमाणात वाढतो. वेग वाढवायचा तर व्होल्टेजही वाढवावे लागते. उलट दोन्ही २० टक्क्यांनी उतरवले, तर खर्च जवळपास निम्म्यावर येतो. बॅटरीवर असताना लॅपटॉप मुद्दाम सावकाश चालतो, त्यामागे हे गणित आहे. शिवाय एकदम मोठा प्रवाह ओढला, तर सेलच्या अंतर्गत रोधामुळे व्होल्टेज पडते आणि काही ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते.

बारीक गळतीही असते. ४के पडद्यावर पिक्सेल दाट, त्यामुळे मागचा प्रकाश जास्त अडतो आणि दिवा अधिक प्रखर ठेवावा लागतो. एनव्हिडियाने २०१० मध्ये ऑप्टिमस ही सोय आणली. साध्या कामाच्या वेळी मोठे ग्राफिक्स कार्ड झोपी जाते. मात्र एखादा प्रोग्रॅम पडद्यामागे त्याला धरून बसला, तर ते जागेच राहते. बाहेरचा मॉनिटर ज्या सॉकेटला लागतो ते थेट त्या कार्डाशी जोडलेले असेल, तरीही तेच होते. बॅटरी विनाकारण लवकर संपते तेव्हा सर्वांत आधी हेच तपासावे.

बॅटरीच्या आयुष्याचा प्रश्न वेगळा, आणि चेन्नईसारख्या उष्ण हवेत अधिक गंभीर. सेलमधील ग्राफाइटवर एक पातळ थर हळूहळू जाड होत जातो आणि त्यात लिथियम अडकून पडते. तापमान दहा अंशांनी वाढले की ही झीज ढोबळमानाने दुपटीने होते. पूर्ण चार्ज अवस्था तिला आणखी हातभार लावते. दिवसभर अडॅप्टर लावून तापलेला वर्कस्टेशन लॅपटॉप नेमक्या याच दुहेरी माऱ्यात असतो. म्हणून अनेक लॅपटॉपमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय असते; टेबलावरच्या कामासाठी ती चालू ठेवणे शहाणपणाचे.

झिजलेला सेल आत वायू साठून फुगतो. पातळ लॅपटॉपमध्ये आत फट नसल्याने टचपॅड वर उचलला जातो किंवा खालचे झाकण फुगते. तसे दिसताच चार्जिंग बंद करावे, सेल दाबू किंवा टोचू नये, आणि बॅटरी अधिकृत सेवा केंद्रातच बदलून घ्यावी. जुनी बॅटरी कचऱ्याच्या डब्यात न टाकता तिथेच जमा करावी.