खेळांतून शिक्षण सर्वांस सारखेंच मानवतें काय ?

मुलांस खेळ प्रिय. तेव्हां खेळाच्या रूपानें दिलेली विद्या सर्वांसच रुचेल, असा आपला सहज समज होतो. फ्रोबेलनें १८४० सालीं जर्मनींतील आपल्या बालशाळेस ‘किंडरगार्टन’, म्हणजे मुलांची बाग, हें नांव दिलें. तेव्हांपासून खेळ व शिक्षण यांची सांगड शिक्षकांस परिचित आहे. आतां ती कॉलेजांतही पोंचली आहे. पाठास गुण, पदकें, टप्पे व चढाओढीचा क्रम जोडणें, यास ‘गेमिफिकेशन’ म्हणतात. परंतु ज्यांच्या मेंदूची घडण बहुसंख्यांहून निराळी आहे, त्या विद्यार्थ्यांस ही रीत कशी वाटत असेल ?

अशी घडण म्हणजे मंदपणा नव्हे आणि आळसही नव्हे. डिस्लेक्सिया असलेल्यास विषय समजतो, पण वाचनास वेळ लागतो. एडीएचडी असलेल्यास लक्ष एका ठिकाणीं टिकविणें कठीण जातें. स्वमग्न, म्हणजे ऑटिस्टिक, व्यक्तींपैकीं कित्येकांस मोठा आवाज व लुकलुकणारा प्रकाश सोसत नाहीं. उलट, ठरलेले स्पष्ट नियम त्यांस दिलासा देतात.

नॉर्वेंत २०१३ सालीं निघालेल्या ‘कहूट’ या प्रश्नखेळाचें उदाहरण घ्या. बरोबर उत्तर जितकें लवकर, तितके गुण अधिक. आणि प्रश्नामागून प्रश्न होतांना पुढें असणाऱ्यांचीं नांवें पडद्यावर झळकतात. लहान टप्पे व तत्काळ मिळणारा निकाल यांमुळें चंचल लक्षाच्या विद्यार्थ्यास हुरूप येऊं शकतो. परंतु सावकाश वाचणारा, उत्तर येत असूनही, मागें पडतो. आणि तेंही सर्वांदेखत. एकास जो खेळ, तोच दुसऱ्यास जाहीर परीक्षा होते.

बक्षिसाचेंही असेंच आहे. लेपर, ग्रीन व निस्बेट यांनीं अमेरिकेंत १९७३ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, चित्रकलेची आवड असलेल्या कांहीं बालकांस आधींच बक्षीस कबूल केलें होतें. पुढें तीं बालकें, बक्षीस न मिळालेल्यांच्या मानानें, सुमारें निम्माच वेळ चित्रांत रमलीं.

आपल्या देशांतील २०१६ सालच्या दिव्यांग हक्क कायद्यानें स्वमग्नता व विशिष्ट अध्ययन अक्षमता यांस मान्यता दिली असून, परीक्षेंत अधिक वेळ देण्याची तरतूद केली आहे. कायद्यानें परीक्षेंत दिलेला वेळ खेळानें वर्गांत हिरावून घ्यावा, हें न्याय्य नव्हे. उपाय सोपे आहेत : उत्तरास वेळ वाढवून द्यावा, आवाज बंद ठेवावा, क्रम जाहीर करूं नये, आणि ज्यास खेळ नको त्यास दुसरी वाट मोकळी ठेवावी. सर्वांत आधीं, त्या विद्यार्थ्यासच विचारावें.

पालकहो, आपलें मूल अशा खेळांत मागें राहिलें, एवढ्यावरून तें अभ्यासांत कच्चें असें ठरवूं नका. विद्यार्थ्यांनो, उद्यां तुम्ही कॉलेजांत जाल. तेथें शेजाऱ्याच्या खालच्या क्रमास हसूं नका. प्रेषित पौलानें मंडळीस एका देहाची उपमा दिली आहे. तिचें मर्म हेंच कीं, अवयवांचीं कामें निरनिराळीं असलीं तरी त्यांचा मान सारखाच आहे.