माझी आगगाडी का चालेना?

दिवाळीत मामाने मला एक जुनी खेळण्यातली आगगाडी आणून दिली. मामा रेल्वेत ट्रॅकमन आहे. एक इंजिन, दोन डबे आणि गोल मांडायचे रूळ, एवढेच होते. वीज देणारी पेटी हरवली होती. मी पट्टीने दोन रुळांमधले अंतर मोजले. ते साडेसोळा मिलिमीटर भरले. खऱ्या मोठ्या रुळांत १६७६ मिलिमीटर असते.

ही गाडी चावीची नाही, विजेची आहे. पण इंजिनाला वायर लावलेली नसते. मग वीज येते कुठून? तर रुळांतून. एका रुळातून वीज येते, त्या बाजूच्या चाकांतून इंजिनाच्या मोटारीत जाते आणि दुसऱ्या बाजूच्या चाकांतून दुसऱ्या रुळात उतरून सेलकडे परत जाते. म्हणून इंजिनाच्या चाकांच्या मध्ये प्लॅस्टिक असते. नाहीतर वीज मोटारीत न जाता चाकातून सरळ पलीकडे जाईल.

मामा म्हणाला होता, गाडीला १२ व्होल्ट लागतात, पण ९ वरही हळू चालेल. एक सेल दीड व्होल्टचा असतो. सहा सेल एकामागे एक लावले की ९ व्होल्ट होतात. माझ्याकडे सेल नव्हते. अण्णांच्या बॅटरीतले तीन काढले आणि चुलत्यांच्या बॅटरीतले तीन मागून आणले. अण्णांना विचारले नाही. वहीच्या कागदाची नळी करून त्यात सेल बसवले. दोन टोकांना दोन वायरी लावल्या आणि एकेक वायर एकेका रुळाला जोडली.

गाडी चाललीच नाही. मी ढकलली, फुंकर मारली, वायरी परत परत दाबल्या. थोड्या वेळाने नळीला हात लावला तर सेल गरम झालेले! मी घाबरून वायरी काढल्या आणि सेल गुपचूप बॅटरीत ठेवून दिले.

त्या रात्री आमच्या भागात शेतीची लाईट बारा वाजता आली. अण्णा दारं धरायला निघाले. बॅटरी लावली तर नुसता तांबडा उजेड पडला आणि विझली. आई म्हणाली, "उजाडल्यावर जावा." पण लाईट सकाळी जाते. अण्णा काठी आपटत तसेच अंधारात गेले. आमच्या उसात साप असतात. अण्णा परत येईपर्यंत मला झोप लागली नाही. आल्यावर मी सगळे सांगितले. ते रागावले नाहीत, पण बोललेही नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनीच वायरमनकाकांना घरी आणले.

काकांनी तीन चांगले सेल घेतले आणि एका वायरीत बॅटरीचा छोटा बल्ब जोडला. मग इंजिन रुळावरून उचलून ठेवले. म्हणाले, "आता रुळांवर काहीच नाही. बल्ब पेटायला नको." पण बल्ब पेटला! म्हणजे वीज इंजिनाशिवायच पलीकडे जात होती. काकांनी खाली वाकून पाहिले आणि हसले. रूळ हलू नयेत म्हणून मी पत्र्याच्या तीन पट्ट्या दोन्ही रुळांवर वाकवून ठोकल्या होत्या! वीज पत्र्यावरूनच परत जायची. यालाच शॉर्ट म्हणतात. एक पट्टी काढली, बल्ब पेटलेलाच. दुसरी काढली तरी पेटलेलाच. तिसरी काढली आणि विझला.

मग रूळ फळीवर सुतळीने बांधले. नवे सहा सेल लावले आणि गाडी चालली! वायरींची अदलाबदल केली की ती उलटी जाते. पलीकडच्या बाजूला मात्र ती रेंगाळायची, कारण रुळांचे सांधे मळलेले होते. ते खोडरबरने घासले आणि तिकडेही दोन वायरी नेल्या. तिथे बाहेरच्या रुळाची वायर बाहेरच्याच रुळाला लावायची, चुकली तर परत शॉर्ट. म्हणून मी बाहेरच्या वायरीला लाल लोकर बांधली आहे. काकांनी एक सक्त ताकीद दिली आहे. घरातल्या बोर्डात २३० व्होल्ट असतात, त्यात या वायरी कधीही घालायच्या नाहीत.

मित्रांनो, खरी गंमत पुढेच आहे. मामाला हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, तुझा शॉर्ट आमच्या कामाचा असतो. खऱ्या विजेच्या इंजिनाला वरच्या तारेतून २५,००० व्होल्ट मिळतात. त्याची चाके लोखंडी कण्याने जोडलेलीच असतात. पुष्कळ ठिकाणी रुळांतून वेगळी, अगदी थोडी वीज सोडतात. ती टोकाच्या खटक्यापर्यंत पोचते तोवर रूळ मोकळा आहे असे कळते. गाडी आली की चाके आणि कणा दोन रूळ जोडतात, म्हणजे माझ्या पट्टीसारखेच. वीज खटक्यापर्यंत जात नाही, खटका पडतो आणि मागच्या गाडीला लाल सिग्नल मिळतो. वायर तुटली तरी लालच होतो. ही युक्ती अमेरिकेत विल्यम रॉबिन्सन यांनी १८७२ साली काढली.

शनिवारी मी गाडी वर्गात मांडणार आहे. पाहायला आलेल्यांनी रुळांवर नाणे, किल्ली, पिन काही ठेवू नये. हे सहा सेल अण्णांचे नाहीत, माझ्या खाऊच्या पैशांचे आहेत.