तंबोऱ्याच्या भोपळ्यावर टपली

सांगलीच्या एका वाचकांचं पत्र आलं आहे. घरातला जुना मीडियम वेव्हचा रेडिओ त्यांनी हौसेनं दुरुस्त करून आणला. दिवसा आकाशवाणी छान लागते. संध्याकाळी घरातले दिवे लागले की मात्र खरखर सुरू होते, आणि वळवाच्या दिवसांत तर शब्दसुद्धा कळत नाही. ते विचारतात, ही खरखर घालवणारी एखादी पेटी, एखादं यंत्र बाजारात मिळतं का?

पत्र वाचून मला आमच्या आजोळच्या माजघरातला व्हॉल्व्हचा रेडिओ आठवला. भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणलेली तांब्याच्या जाळीची पट्टी ही त्याची एरियल. अर्थिंगची तार खिडकीतून मोरीमागे जायची, जिथे जमीन बारा महिने ओली असे. मे महिन्यात दुपारी आभाळ निरभ्र असायचं. आजोबा बातम्या लावून बसलेले असायचे आणि निवेदकाच्या आवाजावर मधूनच 'खट्ट… खर्रर्र' असा ओरखडा उठायचा. दुसरा ओरखडा आला की आजी उठून गच्चीवरचे पापड गोळा करायला लागायची. तासाभरानं वळीव यायचा. आजीला रेडिओचं शास्त्र ठाऊक नव्हतं, पण त्या आवाजाचा अर्थ तिला बरोबर कळला होता.

तो ओरखडा म्हणजे वीज. ढगातून जमिनीवर पडणाऱ्या विजेत काही दशलक्षांश सेकंदांत प्रवाह हजारो अँपिअरवर चढतो आणि मग थोडा सावकाश उतरतो. इतक्या झटक्यात बदलणारा प्रवाह एकाच तरंगलांबीवर थांबत नाही, सगळ्या पट्ट्यावर पसरतो. त्याचा सगळ्यात मोठा जोर ५ ते १० किलोहर्ट्झच्या आसपास असतो आणि वर जावं तसा तो उतरत जातो. आपला मीडियम वेव्ह ५०० ते १६०० किलोहर्ट्झच्या दरम्यान येतो. तिथेही जोर भरपूर असतो, म्हणून शेकडो किलोमीटरवरचं वादळ घरात ऐकू येतं. उपग्रहांनी मोजल्याप्रमाणे पृथ्वीवर दर सेकंदाला सरासरी ४० ते ५० विजा चमकत असतात. म्हणजे ही खरखर कधी थांबतच नाही, आपण तिच्या किती जवळ आहोत एवढाच काय तो फरक.

आता कोणीही विचारेल की रेडिओ एका ठरावीक स्टेशनला लावलेला असताना बाकीच्या पट्ट्यावरची वीज त्यात शिरते कशी? याचं उत्तर तंबोऱ्यात आहे. तंबोऱ्याशेजारी बसून कोणी नेमका षड्ज लावला की जोडाच्या तारा न छेडताच गुणगुणू लागतात. दुसऱ्या सुराला त्या दाद देत नाहीत. रेडिओचं ट्युनिंग ते हेच. पण आता तंबोऱ्याच्या भोपळ्यावर एक टपली मारा. चारही तारा एकदम झणझणतात, आणि प्रत्येक तार आपापल्या सुरात. टपलीला स्वतःचा सूर नसतो, पण प्रत्येक तारेला ती आपली वाटते. वीज ही अशी टपली आहे. रेडिओचं मंडल (सर्किट) तिच्या धक्क्यानं आपल्याच वारंवारितेवर वाजू लागतं, मग पुढच्या भागांना ते खरं स्टेशन की खोटं हे ओळखायला मार्गच उरत नाही.

सुरुवातीच्या इंजिनिअरांना वाटलं, तार आणखी नेमकी लावू, ट्युनिंग आणखी अरुंद करू, म्हणजे खरखर गाळली जाईल. घडलं उलटंच. तार जितकी सुरेल तितकी तिची झणझण लांबते. अरुंद ट्युनिंगमध्ये 'खट्ट'चं 'टण्ण्ण' झालं. ओरखड्याची उंची कमी झाली, पण तो लांबीनं पसरला आणि मोर्सचे डॉट त्यात बुडाले. १९१८ च्या सुमाराला मार्कोनींच्या अमेरिकन कंपनीतले मुख्य इंजिनिअर रॉय वीगंट यांनी स्टॅटिकवर, म्हणजे या खरखरीवर, कायमचा उपाय सापडल्याचं जाहीर केलं. स्टॅटिक डोक्यावरून येतं आणि संदेश क्षितिजाच्या बाजूनं, या समजुतीवर दूरदूरच्या दोन मोठ्या वेटोळ्यांच्या एरियलची त्यांची रचना उभी होती. वादळं तर क्षितिजापल्याडही असतात आणि तिथून येणारी वीज संदेशाच्याच वाटेनं येते. गाजावाजा विरला, खरखर राहिली. 'आवाज शुद्ध करणारी' नवी ॲप हल्ली विकली जातात, त्यांच्या जाहिराती वाचताना मला वीगंट आठवतात. टपलीच्या क्षणी जो शब्द बुडाला, तो एरियलमधून कधी स्वच्छ आलेलाच नसतो. ॲप तो परत आणत नाही, अंदाजानं भरतं.

१९३६ मध्ये जेम्स लॅम्ब या अमेरिकन माणसानं खरी हुशारी दाखवली. झणझण सुरू झाल्यावर ती थांबवायला जाऊ नका, टपली पडताक्षणीच तारांवर बोट ठेवा, असा त्याचा विचार. त्याचं मंडल अरुंद फिल्टरच्या आधी बसायचं आणि ओरखडा आला की तेवढ्या पळभरासाठी सेटचं तोंड मिटायचं. इतका छोटा खंड कानाला जाणवतही नाही. मोटारींच्या स्पार्क प्लगची खरखर त्यानं झकास जाते. विजेची नाही जात, कारण एका चमकीत एकामागून एक अनेक टपल्या असतात आणि तेवढा वेळ तोंड मिटलं तर बातम्याही जातात. एडविन आर्मस्ट्राँगनं एफएम काढून आवाज तरंगाच्या उंचीत न ठेवता त्याच्या वारंवारितेत ठेवला आणि प्रश्नाला बगल दिली. पण ती गोष्ट सर्वांना माहीत आहे. मला न्यूझीलंडला जायचं आहे.

दक्षिण बेटावर ओटागो प्रांतात शॅग व्हॅली नावाचं खोरं आहे. मेंढ्यांची कुरणं, ड्युनेडिनच्या ट्रामगाड्यांपासून लांब. तिथल्या फ्रँक बेल या तरुणानं १८ ऑक्टोबर १९२४ रोजी लंडनच्या मिल हिल शाळेतल्या सेसिल गॉयडर या मुलाशी मोर्समध्ये गप्पा मारल्या. न्यूझीलंड आणि इंग्लंड यांच्यातला हा पहिला दुतर्फा रेडिओ संवाद, पृथ्वीच्या जवळजवळ विरुद्ध टोकांवरून. त्या काळी २०० मीटरहून आखूड लहरी बिनकामाच्या समजून हौशी लोकांना देऊन टाकल्या होत्या. मोठ्या कंपन्या किलोमीटर-किलोमीटरच्या लांब लहरींवर प्रचंड शक्तीची यंत्रं चालवत होत्या, म्हणजे विजेचा जोर सर्वांत जास्त असतो तिथेच ठाण मांडून बसल्या होत्या. आखूड लहरी आयनांबरावरून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून, उडी मारत जातात, शिवाय वर जावं तसं स्टॅटिक पातळ होतं. खरखरीशी झुंजण्यापेक्षा तिच्या वस्तीतून उठून जाणं या पोरांना जमलं. फ्रँक पुढे शेतीत रमला आणि त्याचं रेडिओ केंद्र बहीण ब्रेंडा हिनं हाती घेतलं. न्यूझीलंडमधून दक्षिण आफ्रिकेशी रेडिओवरून पहिल्यांदा बोलली ती हीच.

मिल हिलचा तो मुलगा पुढे कुठे गेला हे मला कळलं तेव्हा मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. दिल्लीला! १९३६ मध्ये सेसिल गॉयडर ऑल इंडिया रेडिओचा चीफ इंजिनिअर झाला. मुंबईत २३ जुलै १९२७ पासून प्रक्षेपण सुरू होतं, पण मीडियम वेव्हवर, दीड किलोवॅटचं. आपल्या उन्हाळ्या-पावसाळ्यातली विजांची खरखर इंग्लंडच्या मानानं कितीतरी जास्त. इतका मोठा देश मीडियम वेव्हनं झाकायचा तर जागोजागी केंद्रं हवीत, आणि पैसे तर नव्हते. गॉयडरनं शॉर्टवेव्हचा, म्हणजे त्याच आखूड लहरींचा, आग्रह धरला. १९३८ मध्ये मुंबईचं शॉर्टवेव्ह केंद्र सुरू झालं. उष्ण कटिबंधातल्या देशांना आपल्याच श्रोत्यांसाठी ६०, ९० आणि १२० मीटरचे पट्टे वापरायची मुभा पुढे आंतरराष्ट्रीय नियमांत मिळाली, तीही मीडियम वेव्हवरच्या या विजांमुळेच. शॅग व्हॅलीतला धडा असा आपल्या माजघरापर्यंत आला.

आता पुन्हा न्यूझीलंड, आणि एलिझाबेथ अलेक्झांडर. खरं तर हा लेख मी त्यांच्यासाठीच लिहायला घेतला.

जन्म १९०८, बालपण पाटण्यात, कारण वडील तिथल्या सायन्स कॉलेजचे प्राचार्य होते. केंब्रिजमधून भूगर्भशास्त्रात डॉक्टरेट. नवरा नॉर्मन मूळचा न्यूझीलंडचा, सिंगापूरच्या रॅफल्स कॉलेजात भौतिकशास्त्राचा प्राध्यापक. जपानी फौजा सिंगापूरवर चालून आल्या तेव्हा, जानेवारी १९४२ मध्ये, तीन लहान मुलांना घेऊन त्या न्यूझीलंडला पोचल्या. नवरा मागे राहिला आणि चांगीच्या छावणीत कैद झाला. वेलिंग्टनला रडारवर काम करणारी रेडिओ डेव्हलपमेंट लॅबोरेटरी होती. तिच्या ऑपरेशनल रिसर्च विभागाच्या प्रमुखपदी त्या बसल्या. खडकांचा अभ्यास केलेली, तीन पोरांची आई, आणि हाताखाली साऱ्या किनाऱ्यावरच्या रडारांच्या नोंदी.

मार्च १९४५ च्या अखेरीस नॉरफोक बेटावरून तक्रार आली. हे बेट न्यूझीलंडच्या वायव्येला भर समुद्रात आहे. तिथलं रडार २०० मेगाहर्ट्झवर, म्हणजे दीड मीटरच्या लहरींवर चालायचं. पडद्यावरच्या रेषेवर नेहमी थोडी खुरटी कुसळं दिसतात, ऑपरेटर त्यांना गवत म्हणत. काही दिवस सकाळ-संध्याकाळ ते गवत एकाएकी उंच होऊ लागलं. या लहरींवर विजेचा जोर नगण्य. मग सेट बिघडला? की शत्रूचं काही कारस्थान? युद्धात असल्या तक्रारीवर 'व्हॉल्व्ह बदला' एवढं उत्तर पाठवून कोणीही मोकळं झालं असतं.

एलिझाबेथबाईंनी वेळा पाहिल्या. गवत वाढायचं ते सूर्योदयाला आणि सूर्यास्ताला. रडारची एरियल क्षितिजाकडेच पाहायची, वर मान करायची तिची सोयच नव्हती. म्हणजे सूर्य तिच्या टप्प्यात यायचा तो उगवताना आणि मावळताना. त्या दिवसांत सूर्यावर मोठा डागांचा समूहही आला होता. त्यांनी उत्तर न्यूझीलंडमधल्या आणखी काही रडार केंद्रांना रोज उगवत्या-मावळत्या सूर्याकडे एरियल रोखून नोंदी ठेवायला सांगितलं. सगळीकडून तेच आलं. सूर्याच्या पृष्ठभागाच्या तापमानावरून हिशेब केला तर या लहरींवर इतकी शक्ती यायचं कारण नव्हतं. आलेली शक्ती त्या हिशेबाच्या कितीतरी वर होती, म्हणजे सूर्य उष्णतेखेरीज दुसऱ्या कुठल्यातरी रीतीनं रेडिओ लहरी फेकत होता. ऑगस्ट १९४५ मध्ये 'नॉरफोक आयलंड इफेक्ट' या नावानं अहवाल तयार झाला.

इंग्लंडमध्ये जेम्स हे यांना १९४२ मध्येच सूर्याचा हा आवाज सापडला होता, पण ते लष्करी गुपित होतं. अमेरिकेत कार्ल जान्स्कीनं १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला अटलांटिकपारच्या टेलिफोनमधली खरखर शोधता शोधता आकाशगंगेचा आवाज पकडला होता. या दोघांची नावं प्रत्येक पुस्तकात आहेत. एलिझाबेथबाईंचा अहवाल मात्र दप्तरात राहिला. त्यांचा छापील लेख आला तो १९४६ मध्ये न्यूझीलंडच्याच एका रेडिओ मासिकात. पण याच कामाच्या बातमीवरून सिडनीत जोसेफ पॉसी यांनी ऑक्टोबर १९४५ मध्ये सूर्याकडे एरियल वळवली आणि ऑस्ट्रेलियातलं रेडिओ खगोलशास्त्र उभं राहिलं. १९४८ मध्ये पॉसींच्याच गटातले बोल्टन आणि स्टॅनली न्यूझीलंडला आले. पाकिरीच्या टेकडीवरून उगवणारे आणि पिहाच्या कड्यावरून मावळणारे रेडिओ स्रोत त्यांनी टिपले, आणि त्यातला एक खेकडा तेजोमेघाशी जुळला. एलिझाबेथबाईंनी युद्धात ज्या रडार केंद्रांना नोंदी ठेवायला सांगितलं होतं, त्यातलं एक पिहालाच होतं.

युद्ध संपल्यावर नवरा जिवंत परतला. त्या सिंगापूरला जाऊन पुन्हा खडकांकडे वळल्या, पुढे नायजेरियात इबादानला गेल्या आणि १९५८ मध्ये, पन्नाशीही न गाठता, तिथेच वारल्या. रेडिओ खगोलशास्त्रातली पहिली स्त्री म्हणून त्यांचं नाव घ्यायला जगाला पुढची कितीतरी वर्षं लागली. त्यांच्यावरचं सविस्तर पुस्तक मुलीनं लिहिलं, तेही २०१९ मध्ये. आपल्या पाठ्यपुस्तकांत पाटण्यात वाढलेल्या या बाईंना दोन ओळींची जागा मिळावी, असं मला फार वाटतं.

विजेची खरखरही न्यूझीलंडनं वाया जाऊ दिली नाही. ड्युनेडिनच्या ओटागो विद्यापीठात रिचर्ड डाउडन यांनी या शतकाच्या सुरुवातीला जगभर साधे स्वीकारक उभारायला घेतले. इमारतीच्या गच्चीवर दीडएक मीटरची काठी, खाली संगणक आणि अचूक वेळेसाठी जीपीएस. हे स्वीकारक संगीत ऐकत नाहीत, ३ ते ३० किलोहर्ट्झमधली नुसती खरखर ऐकतात. वीज कुठेही पडो, तिची टपली जमीन आणि आयनांबर यांच्यामधल्या पोकळीतून हजारो किलोमीटर जाते. पाच-सहा केंद्रांवर ती किती फरकानं पोचली यावरून वीज कुठे पडली ते काढता येतं. आज अशी सत्तरहून जास्त केंद्रं आहेत आणि भर समुद्रातल्या चक्रीवादळातल्या विजाही त्यांना ऐकू येतात.

आता सांगलीच्या पत्राला उत्तर. दिव्यांबरोबर येणारी खरखर आकाशातल्या विजेची नाही, बहुधा एखाद्या एलईडी दिव्याच्या किंवा चार्जरच्या आतल्या मंडलाची आहे. एकेक बंद करून पाहा, चोर सापडेल. सेट ट्रान्झिस्टरचा असेल तर त्यात फेराइटची काळी कांडी ही एरियल असते. सेट हळूहळू फिरवा. कांडीचं टोक खरखरीच्या दिशेला आलं की ती एकदम बसते आणि स्टेशन बहुधा तसंच राहतं.

वळवाच्या खरखरीवर पेटी नाही. तिच्यासाठी मे महिन्यातल्या एखाद्या संध्याकाळी सेट गच्चीवर न्या, डायलच्या खालच्या टोकाला, ५४० किलोहर्ट्झच्या आसपास, जिथे स्टेशन नाही तिथे लावा आणि पश्चिमेकडे तोंड करून बसा. सह्याद्रीच्या रांगेवर वीज लखलखेल त्याच क्षणी रेडिओ 'खट्ट' म्हणेल. गडगडाट नंतर येईल. मधले सेकंद मोजा, तिनानं भागा, तेवढे किलोमीटर. आणि गच्चीवर पापड असतील तर आधी ते उचला.