गच्चीवरचा समुद्र

चेन्नईच्या उत्तरेस, कोसस्थलैयार नदी खाडीवाटे समुद्रास मिळते तेथे एन्नोर वसले आहे. शासकीय सेवेच्या निमित्ताने आमचे बिऱ्हाड येथे आले आणि पहिल्याच दिवाळीत एक पेच उभा राहिला. मुलाला किल्ला करावयाचा होता. पण येथे ना तांबडी माती, ना दगड, ना दृष्टीच्या टप्प्यात एखादा डोंगर. खाडीच्या चिखलाचा बुरूज एका रात्रीत खचला. ते अवशेष पाहून शेजारच्या तमिळ गृहिणीने, नवरात्रातला बाहुल्यांचा कोलू आपण इतक्या उशिरा का मांडलात, अशी सौजन्यपूर्वक पृच्छा केली! तेव्हा मुलगा म्हणाला, "बाबा, इथं समुद्र आहे, तर आपण समुद्रच करू या."

त्या वाक्यातून जो उद्योग सुरू झाला, त्याची ही हकीकत. लहान बाहुल्या, फासे आणि नियम यांच्या साहाय्याने मोहीम किंवा लढाई मांडण्याचा छंद पाश्चात्त्य देशांत जुना आहे. प्रशियाच्या सैन्यात 1824 साली राईसवित्झ या अधिकाऱ्याचा युद्धखेळ शिक्षणासाठी स्वीकारला गेला, आणि 1913 साली एच. जी. वेल्स या कादंबरीकाराने 'लिट्ल वॉर्स' हे पुस्तक लिहून तो घरच्या जमिनीवर आणला. आपला दिवाळीचा किल्ला त्याचाच चुलतभाऊ म्हणावयास हरकत नाही. फक्त आपला मावळा दरवाजापेक्षा उंच असतो आणि वाघ घोड्यापेक्षा मोठा. युद्धखेळात मात्र प्रमाण सांभाळावे लागते.

मोहीम निवडताना मला फार दूर जावे लागले नाही. व्हिक्टोरिया राणीच्या काळात, 1881 साली, मुंबईच्या गोदीत 'इन्व्हेस्टिगेटर' नावाची चाकांची आगबोट बांधली गेली. किनाऱ्याची मोजणी हे तिचे मुख्य काम; परंतु तिच्यावर एक वैद्य निसर्गशास्त्रज्ञ म्हणूनही नेमलेला असे. 1888 पासून काही वर्षे हे काम आल्फ्रेड अल्कॉक यांनी केले आणि 1902 साली त्यावर एक वाचनीय ग्रंथ लिहिला. आमच्या गच्चीवरून जो बंगालचा उपसागर दिसतो, त्याच्या तळाशी जाळे सोडून ही मंडळी कोणी न पाहिलेले जीव वर आणीत. फूटभर लांबीचा, चौदा पायांचा, पाठीवर चिलखती पट्टे असलेला बॅथिनोमस हा प्राणी 1879 साली मेक्सिकोच्या आखातातून शास्त्रज्ञांस प्रथम ज्ञात झाला. त्याच कुळातील जीव पुढे इन्व्हेस्टिगेटरच्याही जाळ्यात आला. अशा वस्तुस्थितीपुढे कल्पनेतल्या राक्षसाची गरज ती किती?

तरीही आम्हांस भय हवे होते, आणि तेही विशिष्ट जातीचे. आपल्याकडचा मुंजा किंवा देवचार यांचा माणसाशी काही हिशेब असतो. नारळ ठेवला, मान दिला, की समजूत निघते. अमेरिकन लेखक लव्हक्राफ्ट (1890–1937) यांच्या कथांतले भय निराळे. तेथे विश्वातील अतिप्राचीन शक्तींना माणूस नावाचा प्राणी आहे, याची दखलही नसते. रागच नाही, तर विनवणी कोणाची करावयाची? मराठीत नारायण धारपांच्या वाचकांना या अनोळखी अंधाराची थोडी ओळख आहे.

नवशिक्याची पहिली चूक म्हणजे खरेदी. आम्ही बाराच बाहुल्या केल्या, तारेवर माती थापून, सुमारे 28 मिलिमीटर उंचीच्या. संपूर्ण जहाज न करता दोन फूट फळीवर डेकचा मागचा भाग उभारला. खाली निळे कापड, कापडाखाली वीस आगपेट्या, प्रत्येकीत एक चिठ्ठी: गाळ, शिंपला, जीव, किंवा नुसते एक चिन्ह. दोरीला सहा गाठी. गाठ जितकी खोल, तितक्या अधिक पेट्यांतून निवड. परंतु प्रत्येक गाठीस कोळशाचे एक नाणे खर्ची पडते. चिन्ह निघाले, की फासा टाकावा. तो गाठींच्या संख्येहून कमी पडला, तर पाहणाऱ्याचे धैर्य एकाने उणे. तिन्ही धैर्ये संपलेला माणूस मरत नाही. त्याची साक्ष मात्र कोणी खरी मानीत नाही, आणि त्याच्या नोंदी रोजनिशीतून खोडल्या जातात. ज्याच्या नोंदी अधिक उरतील, तो जिंकला.

मुलाने मेणाचा एक अष्टबाहू अक्राळविक्राळ देव घडविला होता. तो कापडावर ठेवताच सर्वजण हसले आणि भय पार पळाले. देव कपाटात गेला. त्याऐवजी आम्ही दोन आगपेट्या रिकाम्या ठेवल्या. त्यांपैकी एखादी उघडली, म्हणजे दोर संपला तरी तळ लागला नाही. त्यानंतर मात्र कोणी हसले नाही.

दुसरी दुरुस्ती आमच्या बुद्धीची नव्हे. खाडीवरच्या एका कोळ्याचा मुलगा खेळावयास येत असे. माझ्या पहिल्या नियमावलीत तीन साहेबांना नावे होती. नऊ खलाशांना नव्हती, आणि संकटात प्रथम तेच कामी येत. त्याने एक खलाशी उचलून विचारले, "इवन पेर एन्न?" म्हणजे, याचं नाव काय? मजजवळ उत्तर नव्हते. पुढे चाळले तेव्हा दिसले, की अल्कॉक यांचे नाव आणि खुद्द जहाजाचे नावही कित्येक जीवांच्या शास्त्रीय नामांत कायमचे गेले आहे; दोर ओढणारे त्या यादीत मला भेटले नाहीत. वसाहतकालीन मोहिमेचा खेळ मांडणाऱ्याने ही गोष्ट डोळ्यांआड केली, तर तो त्या काळचा अहंकारच नव्याने रंगवीत बसतो, असे माझे मत झाले. आम्ही बाराही जणांस नावे दिली. "दोर हलला, की तो धरणाऱ्याला आधी कळतं," असेही त्या मुलाने सांगितले. म्हणून दोरावर ज्याचा हात, त्याने 'थांबवा' म्हणावयाचे, आणि ते न ऐकणाऱ्या कप्तानाने दोन धैर्ये गमवावयाची, असा नियम झाला.

गेल्या रविवारी माझा मुलगा कप्तान होता. पाच गाठी गेल्या, कोळशाचे एकच नाणे उरले, रोजनिशीत तो एका नोंदीने मागे होता. त्याने सहावी गाठ सोडली. पेटी रिकामी. कोळ्याच्या मुलाने दोर घट्ट धरला आणि हलकेच म्हटले, "थांबवा." माझा मुलगा बराच वेळ नाण्याकडे पाहत राहिला. मग त्याने कात्रीने दोर कापला, आणि रोजनिशीत खोलीच्या रकान्यात एक आडवी रेघ ओढली.